तेल कुठे जातंय

३ जाने.
डिसेंबरचा हिशोब लावला. बत्तीस डबे, बत्तीस पोरांचे पैसे आले, एकानेही बुडवले नाहीत. तरी नोव्हेंबरपेक्षा चांगले चार-साडेचार हजार कमी उरले. इथल्या भोपाळच्या कारखान्यातली ट्रेनी पोरं तीच, भाजीवाला तोच, गॅस तेवढाच लागला. मग?
खरेदी मंगल करते, स्वयंपाक मी. पोळ्या दोघी मिळून. डबे पोहोचवायचे तिच्या स्कूटीवर. डबे सुरू केल्यापासून असंच आहे आणि आजवर मी तिला एक बिल मागितलेलं नाही. धाकटी जाऊ, तिला काय बिल मागायचं.
कुठेतरी पाणी मुरतंय. कुणाला बोलले नाही.

५ जाने.
सकाळी भाऊजी, मंगलचे मिस्टर, गॅलरीत फोनवर होते. "कोलार रोडवाला फ्लॅट... हां हां, टू बीएचके... बुकिंग कितना देना पड़ेगा?" मी कपडे वाळत घालायला गेले तर आवाज एकदम खाली. मग म्हणाले, "काही नाही वहिनी, ऑफिसातलं."
ऑफिसातलं! मागच्या वर्षी स्कूटीचे हप्ते भरताना या दोघांच्या नाकी नऊ आले होते. आता फ्लॅट. पैसा कुठून येतोय?
दोन आणि दोन मलाही जोडता येतात.

५ जाने. (संध्या.)
पोळ्या लाटताना मंगलकडे बघत होते. नेहमीसारखी बडबड. "ताई, थंडी काय पडलीय ना यंदा, हात सुन्न होऊन जातात." मी हं म्हटलं. ही दोघं गेली तर या घरात उरतो कोण? आम्ही दोघं नि मोठमोठी पातेली. लेक नागपूरला सासरी. एका चुलीवर दोन संसार टिकलेत ते या डब्यांमुळे, नाहीतर आजकाल कोण कुणासाठी थांबतंय? आणि आमच्याच डब्यांतून काढून ती वेगळी होणार असेल तर...
पुढचं लिहवत नाही.

७ जाने.
ह्यांना सांगितलं. पेपर खाली न करता म्हणाले, "कागदाशिवाय आरोप करू नये." सरकारी नोकरीत जन्म गेला, बायकोशीसुद्धा फायलीसारखं बोलतात. पण मुद्दा बरोबर आहे. भाव माहीत नसताना कुणाला चोर म्हणायचं?
म्हणजे आधी भाव काढायचे.

८ जाने.
गुडघ्याच्या डॉक्टरकडे जाते म्हणून निघाले नि रिक्षा केली ती अयोध्या नगरच्या मोठ्या मार्टला. मंगल म्हणाली, "मी सोडते ना ताई स्कूटीनं." नको म्हटलं. हिला कशाला एवढी सोडायची घाई?
मार्ट म्हणजे सगळा डोळ्यांचा खेळ. पोह्यांवर 'एकावर एक', आणि त्या एकाची किंमत आधीच दीडपट. बिस्किटाचा पुडा दिसायला जुन्याएवढाच, मागे बारीक अक्षरात ग्रॅम घटलेले. साबण मधून खोलगट केलाय. आता प्रत्येक पाकिटावर ग्रॅममागे किती पैसे तेही छापतात, पण इतकं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. शेजारची बाई म्हणाली, "आंटी, इतना कौन देखता है?" मी म्हटलं, "जिसकी जेब कटती है।"
सगळ्याला भागून पाहिलं. तूरडाळ: मंगलची स्वस्त. तांदूळ: जवळपास सारखा. साखर: तिची चाराण्यांनी महाग, ते सोडलं.
आणि तेल! सोयाबीन. मार्टचा पंधराचा टिन दोन हजार सत्तर. आपल्याकडे आला तो दोन हजार दोनशे पस्तीसचा, मंगलनेच सांगितलेला आकडा. पंधराने भागलं: एकशे अडतीस आणि एकशे एकोणपन्नास. अकरा रुपयांचा फरक! टिनामागे एकशे पासष्ट. मार्टच्या टिनावर दर लिटरचा छापलाय, आपल्या टिनावर किलोचा, पण एका लिटरचा एक किलो, म्हणजे तेच.
घरी आले. मंगल विचारते, "काय म्हणाले डॉक्टर?" मी म्हटलं, "चालत राहा म्हणाले."

१० जाने.
मंगल जिथून किराणा आणते त्या सेठजींच्या दुकानी गेले. पूर्वी मीच जात असे, मंगल सून होऊन आली तेव्हा तिला या दुकानाच्या पायऱ्या मीच दाखवल्या. सेठजींनी खुर्ची दिली. मी सहज म्हणून विचारलं, तेलाचा भाव काय चाललाय?
"अरे बहनजी, आपकी देवरानी से तो भगवान बचाए। ऐसा मोल-भाव करती हैं कि मैं हाथ जोड़ लेता हूँ।"
दुकानदार एखाद्या गिऱ्हाइकाचं इतकं गुणगान कधी करतो? ज्याच्यामुळे गल्ला भरतो त्याचं. सेठजींना पढवून ठेवल्यासारखं वाटलं.
मग त्यांनीच सांगितलं, "दिसंबर में पाँच टीन गए आपके यहाँ। पहले तो तीन ही जाते थे।"
पाच!
मी घरात कधी टिन मोजले नाहीत. कोपऱ्यात एक असतो, तो संपला की दुसरा येतो, माझ्या हाताला तेल लागलं की झालं. मग वरचे दोन टिन गेले कुठे? पोरं बत्तीसच्या बत्तीस, पोटंही तीच.
मंगलचं माहेर इथेच भोपाळात आहे. भाऊ दर आठवड्याला डोकावतो. जाताना त्याच्या गाडीला पिशवी असते.

११ जाने.
मंगलने चहाच्या दहा-दहा रुपयांच्या पुड्यांची माळ आणली. किलोचं पाकीट आणायचं सोडून! मोठं घेतलं की स्वस्त पडतं हे शेंबड्या पोराला कळतं. मनात म्हटलं, सापडली.
भागून पाहिलं. पुडीत अठ्ठावीस ग्रॅम. किलोला साडेतीनशेच्या वर थोडे. त्याच चहाचं किलोचं पाकीट चारशे ऐंशीला.
पुन्हा भागलं. पुडीच स्वस्त. चडफडले.
म्हणजे बाई हुशार आहे. हुशार माणसाचीच भीती जास्त. भोळं माणूस चोरी करतं तेव्हा लगेच सापडतं.

१४ जाने. संक्रांत.
मंगलने सकाळी वाकून नमस्कार केला, हातावर तिळाचा लाडू ठेवला. "गोड बोला ताई." मी म्हटलं, "बोलते हो." बोलायचं तर आहेच.
दुपारी तिचा भाऊ आला. तिने स्टीलचं झाकणाचं मोठं भांडं, वर फडकं बांधून, त्याच्यासाठी ओट्यावर ठेवलं नि ती त्याला पाणी द्यायला गेली. मी फडकं सोडलं. झाकण उघडलं.
गुळपोळ्या होत्या.
गाठ परत तशी जमली नाही. तिला कळलं असणार. पोळ्या मात्र जरा जास्तच वाटल्या मला.

१६ जाने.
रात्रंदिवस तेच डोक्यात. आमटीला फोडणी घालताना वाटतं, या पळीतलं किती माझं नि किती तिच्या माहेरचं. ह्यांना टिनांचं सांगितलं तर म्हणाले, "पाच टिन? हं." एवढंच. पुढे काही बोलायचं होतं असं वाटलं, पण चहा पिऊन उठून गेले.

१७ जाने.
झालं एकदाचं.
संध्याकाळी डबे भरत होतो. भाऊजी रिकामे डबे पुसत होते, हे ओट्याशी बसून मटार सोलत होते. मंगल म्हणाली, "ताई, तेल खतम होतंय, उद्या टिन आणावा लागेल." माझा ताबा सुटला. म्हटलं, "मार्टात दोन हजार सत्तर. तू आणतेस दोन हजार दोनशे पस्तीसला. वरचे कुठे जातात?"
आधी तिला कळलंच नाही. "कुठे म्हणजे?"
"कोलार रोडला?"
भाऊजींच्या हातातलं झाकण खाली पडलं. हे म्हणाले, "अगं..." पण मी कुणाचं ऐकते?
मंगलने हात पदराला पुसले. रडेल असं वाटलं होतं, रडली नाही. मार्टच्या टिनावर काय लिहिलं होतं ते विचारलं. पंधरा लिटर, मी म्हटलं. तिने लिटरचं माप घेतलं, पोळीचे गोळे तोलायच्या काट्यावर ठेवलं, काटा शून्यावर आणला आणि मापभर तेल ओतलं. नऊशे दहा ग्रॅम.
"ताई, तुमचा टिन आहे ना, तो लिटरवाला आहे. आपला किलोवाला. तेल हलकं असतं. लिटरचा किलो नाही होत."
भाऊजींनी मोबाईलवर भागाकार केला. मार्टचं तेल किलोला एकशे एक्कावन्नच्या वर. मंगलचं एकशे एकोणपन्नास. दोन-अडीच रुपयांनी तिचंच स्वस्त. भाऊजींनी आकडा मला दाखवला नाही, ओट्यावर मोबाईल तसाच उताणा ठेवला.
इथे थांबायला हवं होतं. मी नाही थांबले. पडलं तरी नाक वर.
"आणि तिनाचे पाच टिन कसे झाले? वरचे दोन कोणाच्या घरी गेले?"
कोणाच्या ते मी म्हटलं नाही. पण तिला समजलं. चेहरा असा झाला की तो मला या जन्मात विसरता येणार नाही.
ती रश्श्याच्या पातेल्यापाशी गेली. झाकण काढलं, पातेलं सांडशीने माझ्याकडे कलतं केलं. वर बोटभर लाल तेलाची तर्री.
"हे बघा ताई."
आणि डबे घेऊन गेली. नेहमीच्या वेळेला.

१८ जाने.
तर्रीचं लिहायलाच हवं.
नोव्हेंबरच्या शेवटी एक नागपूरकडचा पोरगा स्वतः डबा घ्यायला घरी आला, तेव्हा म्हणाला होता, "काकू, रश्श्यावर तर्री नसते का तुमच्याकडे?" नाक कापल्यासारखं झालं. मी नागपूरची, नि माझ्या रश्श्याला तर्री नाही? दुसऱ्या दिवशी दाखवली. डबे चाटूनपुसून परत आले. इथलीही पोरं, भिंडची नि रीव्याची, "आंटी वो लाल वाला" म्हणायला लागली. मग रोजच. मटकी, वांगी, पाटोडी, सगळ्यावर. थंडी होती, बरं वाटत होतं पोरांना. मलाही.
दोन टिन माझ्याच पळीने गेले.
पैशाचा दर बघत गावभर फिरले, पळीकडे बघितलं नाही. ह्यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? म्हणाले, "मला वाटलं तुला माहीत आहे. रोज दुपारी मला ढेकर कोणत्या तेलाचे येतात?"
लाज वाटते. नुसती वाटत नाही, अंगावर चढते.

१८ जाने. (संध्या.)
पण मग मंगल गप्प का राहिली? महिनाभर दिसत होतं तिला. एकदा म्हणायचं, ताई, हात आखडा. थोरल्या जावेच्या हाताला नाव कसं ठेवायचं म्हणून? की म्हटलं, घसरू दे हिला, एक दिवस उघडी पडेल?
असं लिहू नये. पण मनात आलं ते आलं.

२० जाने.
मंगल माझ्याशी इतकं नीट बोलते की बोलू नये असं वाटतं. "ताई, पाणी देऊ?" "ताई, कणीक भिजवून ठेवलीय." बडबड बंद. थंडीबद्दलही काही नाही.
सकाळी खरेदीचं पाकीट माझ्या हातात दिलं. "या महिन्यापासून किराणा तुम्हीच आणा. मला जमत नाही." जमत नाही!
भाऊजी दारात उभे होते. ती गेल्यावर हळू म्हणाले, "वहिनी, फ्लॅटचं माझं चाललं होतं. बँकेत लोनचं विचारलं होतं, बुकिंगला माझे सासरे मदत करणार होते. मंगलच नाही म्हणत होती. म्हणायची, ताई एकट्या पडतील."
मी विचारलं, "आता?"
"आता हो म्हणाली."

२३ जाने.
सेठजींकडे मी गेले. टिन दोन हजार दोनशे नव्वद. म्हटलं, देवरानीला तर कमी लावता. "भाभीजी की बात अलग है, बहनजी। वो बैठ के लड़ती हैं।" पंचावन्न रुपये जास्त देऊन आले. भांडायला तोंड उघडेना.
रश्श्यात आज बेताचं तेल. डब्यातून चिठ्ठी आली: आंटी, तर्री? आठ पोरांनी सह्या केल्यात खाली. हसू आलं आणि मग आलं नाही.
मी आणलेल्या टिनाचा भाव मंगलने विचारला नाही. विचारला असता तर बरं झालं असतं.

२७ जाने.
भांडी लावताना म्हटलं, "मंगल, त्या दिवशी मी..."
"राहू द्या ताई. दूध उतू जाईल."
दूध उतू जात नव्हतं. दोघीही बघत होतो त्याच्याकडे.
माफी मागायची तर सरळ मागावी. मला येत नाही. आईने शिकवलं नाही, सासूबाईंनी तर नाहीच. आमच्यात थोरल्याने धाकट्याची माफी मागायची पद्धतच नाही, जास्तीत जास्त जेवताना तुपाची धार जरा मोठी पडते. ती मी आज घातली. तिने भात बाजूला सारला, म्हणाली, "बस ताई, पोट भरलं."

३१ जाने.
डबे पोहोचवून आली नि मोजे काढता काढता मंगल म्हणाली, "ताई, उद्या संडे आहे. फ्लॅट बघायला चलता का? किचन तुम्ही बघून घ्या एकदा. मला ओट्याचं काही समजत नाही."
मी लगेच हो म्हटलं. मग आत येऊन बसले नि चक्र सुरू झालं. का बोलावते ही मला? बघा, तुमच्यावाचून अडत नाही, हे दाखवायला? की सोळा वर्षं हिने माझ्याच ओट्यावर काम केलंय, म्हणून खरंच विचारतेय? की भाऊजींनी सांगितलं, वहिनींना घेऊन चल, वाईट दिसतं?
ओट्याचं समजत नाही म्हणे. तेलाचं ग्रॅमपर्यंत समजतं.

१ फेब्रु.
गेलो चौघं. कोलार रोडला अजून अर्ध्या बिल्डिंगा उघड्या विटांच्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, उजेड छान. हे खिडक्या उघडून-लावून बघत होते, भाऊजी बिल्डरच्या माणसाशी नळाबद्दल बोलत होते. किचनमध्ये आम्ही दोघीच.
मी ओट्यावरून हात फिरवला. काळा ग्रॅनाइट, एल आकाराचा, आपल्या ओट्याहून लांब. सिंकजवळ दोन मोठी पातेली सहज मावतील. खाली टिन ठेवायला जागा. बाहेर गॅलरी, तिथे धुतलेले डबे वाळू शकतात. हे सगळं मी मनातल्या मनात मांडत होते.
मंगल म्हणाली, "पुरेल का ताई?"
म्हटलं, "किती जणांच्या स्वयंपाकाला?"
तिने माझ्याकडे बघितलं. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाली, "ते तुम्ही सांगा."
तेवढ्यात भाऊजी आले, नळाला प्रेशर बरं आहे म्हणाले, आणि निघालो. वाटेत उसाचा रस प्यालो.
बिल्डरला या आठवड्यात कळवायचंय. दोन जणांचा स्वयंपाक, की बत्तीस डब्यांचा? दोघींचे वेगळे संसार, की डबे इथून तिथे हलवायचे आणि आम्हालाही? तिने खरंच माझ्यावर सोडलंय, की मी किती पुढे जाते ते बघतेय? दहा वेळा ते वाक्य आठवून पाहिलं. आवाजात रुसवा नव्हता, माया होती असंही छातीठोक सांगता येत नाही. असल्या गोष्टी कशाने भागायच्या?
ती आत कणीक मळतेय. उठून सरळ विचारायला हवं, आधी विचारायला हवं होतं तसं. अजून बसलेय.